अडकलेली फिरकी

माझ्या दादाला देवाने दोन हात दिले, दोन कान दिले आणि तोंड द्यायची वेळ आली तेव्हा बहुधा माल संपला होता. दिवसभरात तो बोलतो किती, तर मोजकं, आणि त्यातलं निम्मं इंजिनाशी. उरलेलं बोलणं घरात मी करते, धक्क्यावर मी करते आणि लाँचच्या तिकीट खिडकीतही मीच करते. मला सगळे ‘आगाऊ’ म्हणतात. दादानेच लहानपणी ठेवलेलं नाव. केस पांढरे झाले, नाव काही सुटलं नाही. मध्ये एकदा मी लग्न करून पाहिलं होतं, पण नवऱ्याला विनोद कळत नव्हता, तेव्हा बॅग उचलून परत आले. तेव्हापासून दोरखंडांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही बहीणभाऊ राहतो. खिडकीखाली खाडीचं पाणी, पाण्यात दादाची लाँच आणि लाँचच्या पोटात त्याचं ते इंजिन.

त्या दिवशी टेलरबाई जाणार होत्या. कायमच्या.

टेलरबाईंचं दुकान धक्क्याच्या कोपऱ्यावर. बोटींच्या गाद्या, खिडक्यांचे पडदे, ताडपत्रीची छतं, सगळं त्या शिवायच्या. उंच, सडसडीत बाई, चष्मा दोरीने गळ्यात आणि कॉलरला कायम एक सुई टोचलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दादाच्या लाँचवर बसायच्या जागा मोजून दहा, पण तिथल्या गाद्या बाईंनी शंभरदा तरी शिवल्या असतील. कारण त्या गाद्या उसवत नव्हत्या, दादा त्या उसवत होता. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, भरदिवसा, हातात ब्लेड घेऊन. मग ती गादी काखोटीला मारून स्वारी दुकानात जायची आणि एक शब्द न बोलता शिवून होईपर्यंत स्टुलावर बसायची. ब्लेडने कापलेला टाका आणि झिजून तुटलेला टाका यांतला फरक टेलरला कळत नाही असं थोडंच आहे? पण बाईंनी कधी विचारलं नाही, दादाने कधी सांगितलं नाही, आणि गाडी वर्षानुवर्षं तिथेच उभी.

आता बाईंच्या पलीकडच्या काठावर राहणाऱ्या लेकीला जुळं झालं होतं. तिने आईला राहायलाच बोलावलं, बाईंनी दुकान सोडलं, आणि सामानासकट त्यांना पलीकडे पोचवायचं काम कोणाकडे? तर आमच्या दादाकडे. आणि हा गृहस्थ ‘हो’ म्हणाला!

माझं म्हणणं एवढंच होतं की दादाने दोन शब्द बोलावेत. ‘जाऊ नका.’ बाई थांबल्या असत्या, माझी खात्री होती. मी त्याच्या मागे लागले, जेवताना लागले, जिन्यावर लागले, तो दाढी करत असताना आरशात दिसेन अशी उभी राहून लागले. दर वेळी उत्तर एकच, “बघू.” दादाच्या ‘बघू’ला जगाच्या अंतापर्यंत मुदत असते. बाई गेल्या की हा उरलेलं आयुष्य धड गाद्यांकडे बघत काढणार आणि मला समोर बसून ते बघावं लागणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आणि सकाळी इंजिन रुसलं.

दादाने ते सुरू केलं आणि नेहमीप्रमाणे मागे वाकून नळीतून पाणी पडतंय का ते पाहिलं. पाण्याचा थेंब नाही. नुसता कोरडा धूर. तापमानाचा काटा चढायला लागला तसं त्याने झटकन इंजिन बंद केलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“फिरकी गेली,” तो म्हणाला.

बोटीचं इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी आत ओढावं लागतं. त्यासाठी एक छोटा पंप असतो आणि पंपाच्या पोटात रबराचं, सहा पाकळ्यांचं एक चाक. पुस्तकात त्याला इंपेलर म्हणतात, आमच्या धक्क्यावर फिरकी. रंगकामासाठी लाँच बरेच दिवस उभी होती, तेवढ्या दिवसांत रबर आतल्या भिंतीला चिकटून बसलं आणि इंजिन फिरताच पाकळ्यांनी मान टाकली. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी चहा टाकायच्या निमित्ताने वर पळाले. दादाच्या तोंडात शब्द घालणं देवालाही जमलं नाही, म्हणून त्याने पंपात हात घातला असावा.

मी चहा घेऊन आले तर दादा धुतलेला शर्ट घालून इंजिनात शिरायच्या तयारीत. धुतलेला शर्ट! आयुष्यात या माणसाने इंजिनाचं काम चांगल्या कपड्यांत केलेलं नाही.

“बाईंना फोन कर,” तो म्हणाला. “येताना फिरकी घेऊन या म्हणावं. त्यांच्या शेजारच्या दुकानात मिळेल.”

मी फोन केला आणि निरोप दिला. म्हणजे, जेवढा द्यावासा वाटला तेवढा दिला.

“बाई, दादा म्हणतोय, येताना फिरकी घेऊन या.”

“फिरकी? कसली?”

“तो फिरकीच म्हणाला बाई. तो किती सविस्तर बोलतो ते तुम्हाला ठाऊक आहेच.”

“बरं,” बाई म्हणाल्या आणि मी फोन ठेवला. आता शिलाई मशीनच्या खाली दोरा गुंडाळलेली जी छोटी चकती बसते ना, तिलाही टेलरबाई फिरकीच म्हणतात. हे मला माहीत होतं. आणखी एक फिरकी असते ती आपण सगळेच एकमेकांची घेतो. मी जरा जास्त घेते.

पंप ज्याने कोणी इंजिनावर बसवला, त्याचा दुरुस्ती करणाऱ्यांवर जुना राग असावा. तोंड भिंतीकडे, हात शिरला तर डोळा शिरत नाही. दादाने आधी बाहेरचं पाणी आत आणणारा कॉक बंद केला, नाहीतर पंप उघडताच आम्हीच बुडालो असतो. मग आडवा पडून, गालाला तेल लावून घेत, बोटांनी चाचपत त्याने झाकणाचे स्क्रू काढायला घेतले. ते ठेवायला माझ्या हातात एका डब्याचं झाकण दिलं. पहिले पाच स्क्रू मी डोळ्यांत तेल घालून सांभाळले, संशय नको म्हणून. सहावा माझ्या बोटांतून सटकला आणि टण् करून तळातल्या काळ्या पाण्यात गेला.

“अगंबाई!” मी म्हणाले, आणि त्या शब्दात मावेल तेवढं आश्चर्य भरलं. “थांब हं, लोहचुंबक आणते.”

लोहचुंबक कुठे आहे ते मला माहीत होतं, म्हणून मी तो सोडून बाकी सगळीकडे शोधला. बऱ्याच वेळाने परत आले तर दादा तसाच आडवा, हात डोक्याखाली घेऊन.

“आगाऊ,” तो म्हणाला, “स्क्रू पितळेचे आहेत. चुंबकाला चिकटत नाहीत.”

“अय्या, हो का?”

त्याने शर्टाच्या खिशातून एक नवाकोरा स्क्रू काढून माझ्या झाकणात ठेवला. “सकाळीच खिशात टाकून ठेवला होता.”

“का?”

“तू मदतीला येणार होतीस म्हणून.”

झाकण निघालं. आत फिरकी पाकळ्या मुडपून, तोंड फुगवून बसली होती. दादाने पक्कड लावून ओढली. ढिम्म हलली नाही. वर्षानुवर्षांच्या खाऱ्या पाण्याने मधला पितळी गाभा तिला फिरवणाऱ्या दांड्याला धरून बसला होता. शाब्बास, मी मनात म्हटलं, अशीच घट्ट राहा बये.

“बघ,” मी दादाला म्हणाले, “ही रबराची. हिला ना जीव ना भाव. तरी जागा सोडत नाहीये. आणि तिकडे जिला जीव आहे ती चालली, तर तू तिच्या सामानाला दोरी बांधून देतोयस.”

“हं. स्क्रूड्रायव्हर.”

“दोन शब्द, दादा. ‘जाऊ नका.’ स्क्रूड्रायव्हर म्हणण्यापेक्षा सोपे आहेत.”

“चपटा.”

मी चपटा दिला. पण त्याने तो घालून फिरकी उचकटली नाही, नुसता टोकाने गाभ्याभोवतीचा क्षार खरवडला. “ओढाताण केली की पंपाच्या घराला चरा पडतो,” तो म्हणाला. “मग नवी बसवून उपयोग नाही.” त्याने दांड्यावर तेल सोडलं, वर गरम पाण्यात पिळलेलं फडकं दाबून धरलं आणि वाट बघत बसला. वाट बघणं हे त्याचं आवडतं काम, एवढी वर्षं दुसरं काय केलं त्याने? मला त्याचा इतका राग आला की त्याच्या वाटणीचा चहाही मीच पिऊन टाकला.

तेवढ्यात टेलरबाई आल्या. मागे हातगाडीवर शिलाई मशीन, दोन ट्रंका आणि कापडाचं एक बोचकं. बाई वाकून इंजिनाच्या खोलीत डोकावल्या.

“कॅप्टन, आणली बरं का फिरकी.”

त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आत मशीनची चकती, तिला लाल दोरा गुंडाळलेला. माझ्या मनात फुगड्या सुरू झाल्या, पण चेहरा मात्र मी एकदम हवालदिल केला.

“अहो बाई, ही नव्हे हो! इंजिनाची फिरकी! माझंच चुकलं, मी नीट सांगायला हवं होतं. आता ते दुकान तर दुपारचं बंद झालं असेल. आज काही जमत नाही आता. उद्या बघू. नाहीतर परवा.”

बाईंनी पिशवीत हात घालून एक पुडकं काढलं. पुडक्यात काळं, चकचकीत, सहा पाकळ्यांचं रबरी चाक.

“ही चालेल का बघा,” बाई म्हणाल्या. “दुकानात शेवटचीच उरली होती. तुमच्या तोंडून निरोप आला ना ताई, की मी नेहमी दोन अर्थ धरून चालते. तिसरा तर गृहीतच असतो.”

आणि दादा हसला. दात दिसले त्याचे! मी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. आता मला बाईंचाही राग यायला लागला. एवढी कसली घाई? इतक्या वर्षांच्या गाद्या, इतक्या वर्षांचं ते स्टूल, त्याचं काहीच नाही? मला वाटलं होतं की पाय निघत नसेल, रडू येत असेल, आणि या बाई शेवटची फिरकी मिळवून आल्या होत्या. मला फार वाईट वाटलं. माझ्यासाठी नव्हे, त्या तेलकट गालाच्या मुखदुर्बळ माणसासाठी.

फडकं काढून दादाने पुलर लावला. दोन नांग्या फिरकीला मागून धरतात आणि मधला बोल्ट पिळत गेलं की ती बाहेर येते. बाईंनी टॉर्च धरला. दादा थोडं पिळायचा, थांबायचा, पुन्हा थोडं पिळायचा. एकदम फट् आवाज झाला आणि फिरकी सुटली. फडक्यावर ठेवून त्याने पाकळ्या मोजल्या. चार धड होत्या. एकीचा तुकडा पंपाच्या घरातच सापडला. सहावी बेपत्ता.

“शोधायला हवी,” दादा म्हणाला. “पाण्याबरोबर पुढे गेली तर इंजिनाच्या कूलरच्या नळीत अडकेल. इंजिन तापेल.”

सहावी पाकळी कुठे होती ते मला माहीत होतं. फिरकी बाहेर येताना तिचा तुकडा फडक्यावरून घरंगळून माझ्या पायाशी पडला होता आणि मी सहज, अगदी सहज, त्याच्यावर चप्पल ठेवली होती. दादाने एक पाइप सोडला. मग दुसरा. मग कूलरचं टोपण उघडलं. आतून शेवाळ निघालं, शिंपल्यांचा चुरा निघाला, पाकळी कशी निघेल? मी टॉर्चच्या उजेडात काळजीने बघत होते.

“ताई,” बाई म्हणाल्या, “आज एका जागी बऱ्या उभ्या आहात? एरवी तुमचा पाय ठरत नाही.”

“पाय दुखतोय हो.”

“कुठला?”

“हा. ज्याच्यावर उभी आहे तो.”

“मग दुसऱ्यावर उभ्या राहा.”

दादाने कूलर स्वच्छ पुसला, टोपण लावलं, पाइप आवळले, आणि मान वर न करता म्हणाला, “आगाऊ, उजवा पाय उचल.”

मी उचलला. त्याने तुकडा घेतला आणि फाटलेल्या जागी लावून पाहिला. बरोबर बसला.

“तुला कधी कळलं?”

“तू पाय ठेवलास तेव्हा.”

“मग कूलर कशाला उघडलास?”

“तोही साफ करायचा होता.”

क्षणभर माझी आशा पालवली. माहीत असूनही याने वेळ काढला म्हणजे यालाही उशीर हवाच आहे! आता बोलेल, आत्ता बोलेल. पण त्याने नवी फिरकी उचलली.

रबराला तेल चालत नाही, म्हणून त्याने तिला भांडी घासायचा पातळ साबण चोळला. पाकळ्या सगळ्या एकाच बाजूला मुडपून ती आत सरकवावी लागते, आणि एक दाबली की दुसरी उठत होती. त्या अडचणीच्या जागेत दादाचा जाडजूड हात पुरेना. बाई म्हणाल्या, “थांबा, मला द्या.” त्यांनी आपली ती चकती काढली, पाकळ्या एका दिशेने वळवल्या आणि भोवती लाल दोऱ्याचे वेढे घेतले. एका फिरकीच्या दोऱ्याने दुसरी फिरकी बांधली.

“घट्ट नको,” दादा म्हणाला. “आत गेल्यावर दोरा सुटायला हवा.”

“तुम्ही मला दोरा शिकवू नका.”

दोघांची डोकी टॉर्चच्या उजेडात एकमेकांना लागली होती. याहून चांगली संधी कुठल्या माणसाला मिळते? मी दादाच्या पाठीला बोटाने टोचलं. त्याने पाठ खाजवली. फिरकी आत सरकली, दोरा अलगद निघून आला, गळती अडवणारं कागदी गॅस्केट बसलं, झाकण बसलं, सहाच्या सहा स्क्रू आवळून झाले. मी एकही पाडला नाही. माझा उत्साहच मावळला होता.

हमालाने सामान चढवलं. बाई वर जाऊन गादीवर बसल्या. दादा सुकाणूपाशी गेला. खाली हत्यारं गोळा करायला मी एकटीच राहिले, आणि तेव्हा मला दिसलं. कॉकची दांडी आडवी होती. आडवी म्हणजे बंद. दादा तो उघडायला विसरला होता.

दादा इंजिनाच्या बाबतीत कधी काही विसरत नाही. कॉक बंद असताना इंजिन सुरू झालं तर पंपाला पाणी मिळणार नाही, आणि कोरडी फिरली की नवी फिरकी बघता बघता जळून जाते. दुसरी दुकानात नव्हती. म्हणजे बाई आज जाऊ शकणार नव्हत्या, आणि पुढची फिरकी येईपर्यंत दादाला उद्या मिळणार होता, परवा मिळणार होता. मला काहीही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

वरून त्याने विचारलं, “सगळं बरोबर?”

मी ओठ दाबून धरले. समोर त्याने पुसून लखलखीत केलेला कूलर होता, साबणाचे ठसे पडलेला पंप होता. याला मी गाद्यांवर ब्लेड चालवताना पाहिलंय, पण इंजिनाला त्याने कधी साधा ओरखडा पडू दिला नाही. आणि शिवाय गप्प बसणं मला कधी जमलंय?

“कॉक!” मी ओरडले. “अरे मूर्खा, कॉक बंद आहे!”

तो धाडधाड खाली आला. दांडी बघून त्याचा चेहरा उतरला. त्याने ती सरळ केली आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. “बरं झालं बोललीस,” म्हणाला आणि वर गेला. इंजिन सुरू झालं, मागच्या नळीतून पाण्याची भरघोस धार पडायला लागली, आणि मी हत्यारांच्या पेटीवर बसून स्वतःला मनसोक्त शिव्या दिल्या.

पलीकडे पोचेपर्यंत मी तोंड उघडलं नाही. बाईंनी मला दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना. धक्क्यावर कोणी मला तशी पाहिली असती तर डॉक्टर बोलावला असता.

पलीकडच्या धक्क्याला लाँच लागली. दादाने मशीन उतरवली. ट्रंका उतरवल्या. बोचकं उतरवलं. मग बाकाखालची फळी उचलून एक बॅग काढली आणि तीही उतरवली.

“ही कोणाची?” मी विचारलं.

“माझी.”

“तुझी म्हणजे?”

त्याने धक्क्यामागच्या पत्र्याच्या छपराकडे बोट केलं. “तिथल्या वर्कशॉपवाल्याला इंजिनं बघायला माणूस हवाय. वर एक खोली आहे. आजपासून राहायचं ठरलंय.”

मी बाईंकडे पाहिलं. बाई चष्मा पुसत होत्या. चेहऱ्यावर लाली, या वयात!

“नोंदणीला थोडे दिवस लागतील,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला सही करायला यायचंय हं. साक्षीदार म्हणून.”

“हे... हे ठरलं कधी?”

“गाद्या शिवता शिवता.”

“आणि मी? मी महिनाभर याचं डोकं खातेय, जाऊ नका म्हण, जाऊ नका म्हण!”

“कशाला म्हणू?” दादा म्हणाला. “तिकडे लेक एकटी आहे, दोन तान्ही बाळं आहेत. तिला जायचं होतं. मला तिच्याबरोबर राहायचं होतं. मग निघायचं मी, नाही का? आणि मी सकाळपासून निघायची तयारी करतोय, तर तू स्क्रू पाडतेस.”

एवढं लांबलचक तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. आणि बाईंबद्दल तो ‘त्यांना’ म्हणाला नाही, ‘तिला’ म्हणाला. ऐकून माझे कान गरम झाले. आनंदाने आणि संतापाने, दोन्हीने.

“मला सांगायला काय झालं होतं?”

“सांगितलं असतं तर बाईंच्या दुकानापासून आपल्या जिन्यापर्यंत सगळ्यांनी आमची फिरकी घेतली असती. सगळ्यांत आधी तू.”

खोटं कसं म्हणू? घेतलीच असती. पोट भरून घेतली असती.

त्याने खिशातून इंजिनाची किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. “लाँच शेजारच्या लाँचवाल्याला चालवायला देणार होतो. कॉक बंद राहिला तेव्हा विचार बदलला. माझं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. तू बोललीस. बोलायचं नव्हतं तुला, मला आवाजावरून कळलं. तरी बोललीस. आता ही तूच चालव.”

मधल्या पाण्यात सुकाणू त्याने माझ्या हातात पुष्कळदा दिलं होतं. लाँच धक्क्याला लावायला मात्र कधीच दिली नव्हती. मी किल्ली मुठीत धरली. इतके दिवस मी मनातल्या मनात एक घर मांडलं होतं. आमच्याच दोन खोल्या, खिडकीखाली बाईंची मशीन, आणि मी आणि बाई मिळून दादाला छळतोय. त्या घरात मी दोघांना आणून बसवलं होतं. त्यातून दादाच निघून जाईल, हे माझ्या एवढ्या आगाऊ डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

बाई बोचकं उचलून पुढे झाल्या. दादाने एका हातात बॅग घेतली, दुसऱ्या हाताने ट्रंक उचलली आणि माझ्याकडे बघत थांबला. जे दोन शब्द मी महिनाभर त्याच्या तोंडून काढायला बघत होते, ते आता माझ्याच जिभेवर येऊन बसले. जाऊ नकोस. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं असतं तर तो थांबला असता. तो माझा भाऊ आहे, मी त्याला ओळखते, त्याने बॅग तिथेच खाली ठेवली असती.

मी सुकाणूपाशी गेले, किल्ली फिरवली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाले, “बघत काय उभा राहिलास? दोर सोड.”

त्याने ट्रंक खाली ठेवली आणि दोर सोडला.